मेक्सिकोची हडळ आणि दुबईची बोट

मला अरबी येतं, असा दुबईतल्या आमच्या कोकणी मंडळींत एक समज होता. तो मी पसरवला नव्हता. पसरत होता तेव्हा गप्प बसलो होतो, एवढाच माझा गुन्हा. गावच्या मशिदीत मौलवींनी छडी हातात धरून आम्हाला शिकवलं ते इतकंच, की अरबी अक्षर दिसलं की ते जेर-जबरसकट, म्हणजे वरखालच्या मात्रांसकट, सुरात, न अडखळता वाचायचं. अर्थ पुढे मोठं झाल्यावर. मी मोठा झालो, पण अर्थाचं राहून गेलं. त्यामुळे साबणाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा मी अशा काही आवाजात वाचायचो, की आजूबाजूच्या बायका डोक्यावरचा पदर सावरायच्या. खोक्यात साबण आहे की चहा, ते खोकं उघडल्यावरच मला कळायचं.

ही गोष्ट साठच्या दशकातल्या मधल्या वर्षांची. अमिरात हे नाव अजून जन्मलं नव्हतं. दुबई म्हणजे एक खाडी, खाडीच्या दोन्ही अंगांना बाजार, आणि बाजार संपला की वाळू. मी खाडीच्या देरा म्हणतात त्या बाजूला एका व्यापाऱ्याच्या पेढीत इंग्रजी पत्रं टाइप करायचो. दोन वर्षं एकट्याने काढल्यावर मोठ्या हौसेने बायकोला गावाहून बोलावून घेतलं. मुंबईहून बोटीने ती आली. बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसांना छोट्या होडीत उतरवून किनाऱ्याला आणायचे. होडी हलत होती, बाकीच्या बाया कलमा पढत होत्या, आणि ही सुकटीचं गाठोडं मांडीवर घेऊन अशी बसली होती जशी घरच्या ओटीवर बसावी. मला वाटलं, वा! ही इथे सहज रुळणार.

दोन महिन्यांत तिचं बोलणं बंद झालं.

आता ज्यांनी तिला माहेरी पाहिलंय, त्यांनाच यातली गंभीर बाब कळेल. तिच्या बोलण्यापायी शेजारणींच्या भाकऱ्या करपायच्या. विहिरीवर ती पाण्याला गेली की तासाभराने तिला शोधायला कुणाला तरी पाठवायचे, आणि तासाभराने त्यालाही शोधायला. अशी ही बाई खजुराच्या झावळ्यांच्या आमच्या घरात दिवसभर भिंतीकडे बघून बसायची. मी संध्याकाळी आल्यावर "काय म्हणतेस?" विचारलं, की "काय म्हणू?" म्हणायची.

याचं कारण मला उशिरा कळलं. आमच्या लोकांची तेव्हा देऱ्यात सात-आठच कुटुंबं होती. त्यांच्या बायका दुपारच्याला एका घराच्या अंगणात जमायच्या. ते घर ज्या बाईचं, ती इथे सगळ्यांच्या आधी आलेली. नवरा जहाजावर तांडेल. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिच्या भाच्यांच्या वयाचे आणि तिच्याच वयाचेही. खालाच्या अंगणात ज्याला चटई मिळाली तो दुबईत बसला, असा हिशोब होता. बायको पहिल्याच आठवड्यात गेली. खालाने विचारलं, "बाप काय करतो गो तुझा?"

"तरी चालवतो," ही म्हणाली. म्हणजे जयगडच्या खाडीवर माणसांना, शेळ्यांना, सायकलींना होडीतून अलीकडून पलीकडे नेतो.

"अस्सं. होडीवाला," कुणीतरी म्हणालं. दुसरीने सुपारी कातरता कातरता तिसरीकडे बघितलं. एवढंच. त्या बायकांचे बाप काही नवाब नव्हते, पण त्यांच्यातल्या एकीचाही बाप होडीवाला नव्हता. बायको चहा पिऊन उठली आणि परत त्या अंगणात गेली नाही. तिने मला हे सांगितलंही नाही. तिने मला सांगितलं ते वेगळंच: "मला बोटीवर बसवून द्या."

मी हातापाया पडलो म्हणा ना. शेवटी असं ठरलं, की दोन बोटी जाऊ द्यायच्या. तिसरी येईल तेव्हाही तिला जायचंच असेल, तर मी एक शब्द बोलणार नाही, सामान वाहायला गाडी आणीन. हे ठरवताना बोटी पंधरा-पंधरा दिवसांनी येतात हे माझ्या ध्यानात होतं. त्या इतक्या भराभर येतात हे मात्र नव्हतं.

त्या मुदतीत तिचं मन रमावं म्हणून मी जे काही केलं, ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. एका शुक्रवारी तिला शारजाच्या बाजूला समुद्र दाखवायला घेऊन गेलो. गाडीत दहा माणसं, वाटेत दोनदा वाळूत चाक रुतलं. समुद्रापाशी पोचल्यावर ती म्हणाली, "हा दाखवायला आणलंत? हा आमच्या पडवीतून दिसतो." नंतर सोबत म्हणून एक कोंबडी आणली. कोंबडी तिसऱ्या दिवशी उन्हाने आडवी झाली आणि बायको तिच्यासाठी रडली. दुबईत आल्यापासून पहिल्यांदा तिला कुणाचा तरी लळा लागला होता, आणि तोही मीच तिला तीन दिवसांपुरता आणून दिलेला.

दुसरी बोट गेली. तिसरी दहा दिवसांवर आली. आणि मला पोस्टर दिसलं.

देऱ्यात एक उघडं थिएटर होतं. चार भिंती, वर आभाळ, समोर चुना मारलेली भिंत हाच पडदा. शुक्रवारी मगरीबची नमाज झाली, अंधार पडला, की कुटुंबवाल्यांसाठी खेळ असायचा. मागच्या बाजूला उंच ओट्यावर बायकांची जागा, मधे पुरुषांच्या डोक्याइतका गोणपाटाचा पडदा, पुढे पुरुष. हिंदी सिनेमे यायचे, मिसरी, म्हणजे इजिप्तचे, यायचे, आणि मधूनच कुठल्या तरी जहाजातून कुठला तरी सिनेमा यायचा, ज्याची भाषा कुणालाच माहीत नसायची. तरी लोक बघायचे.

पोस्टरवर एक बाई होती. पांढरे कपडे, मोकळे केस, दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं. मागे नदी. नदीच्या काठावर दोन लहान मुलं, लांब, पाठमोरी. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडच्या माणसाने यातून काय समजायचं? पांढरे कपडे म्हणजे विधवा. मोकळे केस म्हणजे ताजी विधवा. तोंड झाकलंय म्हणजे रडतेय, आणि दोन मुलं पदरात. मी असे शंभर सिनेमे मुंबईत बघितले होते. आमच्या बायका सिनेमाची प्रत रुमालांवर ठरवायच्या. एक रुमाल भिजला तर ठीक, दोन भिजले तर चांगला, आणि पदराने नाक पुसावं लागलं तर सगळ्या आळीला घेऊन परत जायचं.

खाली अरबीत चार ओळी होत्या. तिथे आमच्यातले दोघेजण उभे होते. एकाने विचारलं, "काय लिहिलंय?"

मी वाचलं. मौलवींची आठवण करून, सुरात. पोस्टरवर जेर-जबर छापत नाहीत, ते मी माझ्या मनाने घातले. चार ओळींतला एक शब्द मला खरोखर कळला: उम्म, म्हणजे आई.

"आईचा सिनेमा आहे," मी जाहीर केलं. "घरगुती आहे. फार रडवतो म्हणतात."

तिकिटं काढायला गेलो तेव्हा खिडकीतला इराणी म्हणाला, "बच्चा लोगों को मत लाना." मी मान डोलवली. अर्थात. मुलं रडायला लागली की बायकांना मनासारखं रडता येत नाही. किती समजूतदार माणूस! मी सगळ्या आठही घरांतल्या बायकांची तिकिटं काढली. माझा डाव असा होता, की खालापासून सगळ्या एका बाकावर बसतील, एकमेकींच्या खांद्यावर डोकी ठेवून रडतील, आणि एकत्र रडलेल्या बायका दुसऱ्या दिवशी एका चटईवर बसतातच. हा मानवी स्वभावाचा माझा अभ्यास.

खालाकडे आमंत्रण द्यायला मी स्वतः गेलो. तिने विचारलं, "मरतं कोण?"

"आई, बहुतेक."

"लवकर मरते की शेवटाला?"

"शेवटाला."

"मग येते," खाला म्हणाली. "आधीच मरणारे मला आवडत नाहीत. मग पुढे बघायचं काय?"

बायको यायला तयार नव्हती. "जाताना एक सिनेमा बघून जा," मी म्हटलं. 'जाताना' हा शब्द माझ्या तोंडून निघाला म्हणून असेल, पण ती आली. बाकाच्या अगदी टोकाला, गोणपाटाला चिकटून बसली. मी पलीकडे, पुरुषांत, गोणपाटाला चिकटून. गोणपाटाला एक भोक होतं. त्यातून मी अरबीचा अर्थ सांगणार होतो, कारण सिनेमा कुठल्या भाषेत आहे ते पहिल्या मिनिटातच कुणाला कळेना, आणि खाली अरबी अक्षरं सरकत होती. खालाने बाकावरून हुकूम सोडला, "सांग रे पोरा, काय म्हणतात!"

मी सांगायला लागलो. अक्षरं इतक्या वेगाने सरकत होती, की वाचायलाच सवड नव्हती. अर्थ तर लांबच. पडद्यावर ती बाई नवऱ्याशी भांडत होती. "नवरा परदेशी चाललाय," मी म्हटलं. बाकावर उसासा. नवरा दुसऱ्या एका बाईबरोबर घोड्यावर बसून गेला. "ती त्याची बहीण," मी म्हटलं. बाई दोन मुलांना घेऊन नदीवर आली. "मुलांना आंघोळ घालतेय."

बाईने मुलांना पाण्यात नेलं. पाणी त्यांच्या गळ्याशी आलं. मग पाणीच राहिलं.

मग भोकातून खालाचा आवाज आला, "आणि आता?"

"पोहायला शिकवतेय," मी म्हटलं.

एवढ्यात ती बाई पाण्यातून परत वर आली. पांढरे कपडे, मोकळे केस, आणि पहिल्यांदाच तिने तोंडावरचे हात काढले. डोळ्यांच्या जागी नुसती दोन काळी भोकं होती.

एक किंकाळी उठली. थिएटरबाहेर पाण्याचे डबे वाहणारी दोन गाढवं बांधलेली होती, ती दावं तोडायला लागली. पुरुषांच्या रांगांतल्या सगळ्या माना वळल्या. पडद्यावरच्या बाईने तर अजून तोंडही उघडलं नव्हतं. किंकाळी माझी होती.

मग जो काही गोंधळ झाला! दोघीजणी चपला शोधायला लागल्या. एकीने भूतखेत पळावं म्हणून आयतुल कुर्सी पढायला सुरुवात केली. खाला उभी राहून गोणपाटातून माझ्याशी बोलत होती, "हा तुझा घरगुती सिनेमा? हं? कुणाच्या घरचा?" मी म्हणत होतो, "खाला, पोस्टरवर तसं..." आणि मला एक आवाज ऐकू आला, जो मी महिना-दीड महिना ऐकला नव्हता. माझी बायको हसत होती. पोट धरून, आवाज करून. हसता हसता ती म्हणाली, "बसा हो सगळ्या. ती काय आपल्याला करत नाय. ती पाण्याची आहे, पाणी सोडून लांब येत नाय."

"तुला काय ठाऊक?" खाला.

"आमच्या खाडीवर होती एक."

सगळ्या खाली बसल्या. माझ्या शब्दावर नव्हे, हे सांगायला नको.

पुढचा तास माझ्या आयुष्यातल्या उत्तम तासांपैकी एक आहे, आणि त्यात मी एक अक्षरही बोललो नाही. पडद्यावर रात्र झाली, धुकं आलं, नदीकाठच्या एका म्हाताऱ्याला लांबून कुणीतरी रडत हाक मारत होतं. म्हातारा थबकला. बायको शांतपणे म्हणाली, "आता हा ओ देणार. दिली की मेला."

म्हाताऱ्याने ओ दिली. मेला.

"आमचा बाप तरीवर असताना पलीकडून हाका यायच्या," ती सांगायला लागली. "उजेडाच्या, अंधाराच्या. हाक आली की होडी न्यायची, हाच धंदा. पण दिवस बुडाल्यावर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाय. दुसऱ्या हाकेला कुत्र्याकडे बघायचं. कुत्रं शेपूट हलवतंय तर माणूस आहे. तिसरी हाक आली की बसल्या जागेवरून विचारायचं, कुणाकडचा? माणूस असला तर सांगतो, अमक्याचा मुलगा, तमक्या वाडीचा, लवकर आण, पाऊस येतोय. आणि शिवी पण देतो. तिला मात्र घर सांगता येत नाय. ती नुसतीच रडते."

"आणि नुसतीच रडली तर?" एकीने विचारलं.

"मग बाप होडी उलटी घालून घरी यायचा, आणि आई त्याला दारातच विचारायची, कुणाकडचा?"

गोणपाटाच्या अलीकडे पुरुष एकेक करून मागच्या बाकांवर सरकायला लागले होते. पडद्यावर काय बोलतात ते कुणालाच कळत नव्हतं. मागे काय बोलतात ते कळत होतं. माझ्या शेजारचा दर्जी मला म्हणाला, "तू जरा डोकं बाजूला घे ना भोकावरून."

तिने एकूण एक मरण आधी सांगितलं. हा दिवा घेऊन जाणार, ह्याचा दिवा विझणार. ही खिडकी लावायची विसरणार. हा पाद्री वाचणार, कारण तो बहिरा आहे, त्याला हाक ऐकूच जात नाय. आणि प्रत्येक वेळी बाकावरून "या अल्ला!" उठायचं. मधेच तिने तक्रारही केली. "पाय सरळ आहेत हिचे. आमच्याकडे उलटे असतात." खाला म्हणाली, "तिकडच्यांचे सरळ असतील गो." म्हणजे बघा, खालाही आता बाजू घेऊन बोलत होती.

पण बायकोला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. सिनेमात ती बाई गावातल्या लोकांच्या पोरांना एकेक करून ओढून नेत होती, आणि लोक मशाली घेऊन तिच्यामागे धावत होते, जशी काय तीच सगळ्या जगाची वैरीण. बायको म्हणाली, "हिचं भांडण नवऱ्याशी. तो घोड्यावर बसून गेला, तो कुठाय? त्याला कुणी हात लावत नाय. आणि ही वेडी परक्यांच्या घरात शिरते. मला कुणी विचारलं असतं तर हिला मी पत्ता दिला असता."

बाकावर हसू फुटलं. मग कुणीतरी गंभीरपणे म्हणालं, "खरंच, नवरा कुठाय तिचा?" आणि मला त्या बाजूच्या सात बायकांची नजर गोणपाटातून आरपार अंगावर आल्यासारखी वाटली. आमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी बायकोला मागे ठेवून बोट पकडली होतीच.

पुढे दोन-तीन वर्षांनी मी अबुधाबीत तेलाच्या एका कंत्राटदाराकडे कामाला लागलो, तिथे मेक्सिकोचा एक फोरमन होता. त्याला मी ही गोष्ट मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली. तो एकदम खूश झाला. म्हणाला, अरे, ती आमच्या गावची! त्यांच्याकडे म्हणे आया पोरांना नदीवर जाऊ नये म्हणून तिचीच भीती घालतात. नवऱ्याने टाकलेली, मुलं बुडवलेली, आणि मग जन्मभर, म्हणजे मरणभर, मुलं शोधत फिरणारी. तो म्हणाला, तिचं रडणं जवळून ऐकू आलं तर ती लांब असते, आणि लांबून ऐकू आलं की समज ती पाठीशी उभी आहे. मी हे घरी येऊन सांगितलं. बायको लाटणं थांबवून विचारात पडली. "हे आमच्या बापाला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीतली एवढी एकच माहिती तिला उपयोगाची वाटली आहे.

तर सिनेमा. लोक मशाली घेऊन नदीवर पोचले, बाई पाण्यात उभी, आणि पडदा पांढराफटक झाला. सगळे ओरडले. थोड्या वेळाने इराणी बाहेर आला आणि म्हणाला, शेवटचं रीळ आलेलंच नाही. जहाजातून जेवढं उतरलं तेवढं दाखवलं, खलास. "यल्ला, घर जाओ."

पुरुष चिडले. शिट्ट्या झाल्या. बायकांचं काय चाललंय म्हणून मी भोकातून पाहिलं. सात बायका माझ्या बायकोकडे वळून बसल्या होत्या, आणि खाला तिला विचारत होती, "मग शेवट काय होतो?"

बायकोने चपला घातल्या. "आत्ता नाय. तो उभ्याने सांगायचा नाय."

"मग कधी?"

"बघू," ती म्हणाली.

घरी येताना मी अर्थातच फुशारकी मारली, की बघ, कसा सिनेमा शोधला. ती म्हणाली, "गाडीचं विसरू नका. सोमवारी बोट आहे." मला वाटलं होतं, झालं, जिंकलो. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला जास्त वाईट वाटलं. माणूस निघायचं ठरवून मोकळा झाला की हसतो-बोलतो, तसं तिचं असेल, असं मनात आलं. शनिवारी खालाकडून निरोप आला, ती गेली. रविवारी परत गेली. मी विचारलं, काय सांगितलंस? "अजून नदीपर्यंत आलेय," एवढंच म्हणाली. ट्रंक मात्र तिने कोपऱ्यातून काढून खोलीच्या मधोमध ठेवली होती. ती रिकामी की भरलेली, हे उघडून बघायचा मला धीर झाला नाही. मी तिला वळसा घालून चालायचो.

सोमवारी पेढीतून दुपारीच सुटी घेतली. शब्द दिला होता, म्हणून एक हातगाडीवाला बलुची घेऊन घरी आलो. घरात कुणी नव्हतं. ट्रंक होती तिथेच होती. बलुचीने एका हाताने उचलली, माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवली. "ये तो खाली है, साब."

मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण खरं सांगतो, मला आधी भीतीच वाटली, की ही ट्रंक न घेताच गेली. मी तसाच खालाच्या अंगणाकडे निघालो. बलुची गाडी ढकलत मागे. त्याला काय, त्याचं भाडं ठरलेलं.

अंगणाच्या बाहेर तीन नवरे भिंतीच्या सावलीला उभे होते. एकजण जेवायला घरी आलेला, दुसरा किल्ली मागायला, तिसऱ्याला काय हवं होतं ते तोच विसरला होता. "आत जाऊ नको," त्यांतला तो दर्जी माझ्या कानात कुजबुजला. "तिसरी हाक आलीय."

मी झावळ्यांच्या फटीतून पाहिलं. चटईच्या मधोमध माझी बायको. तिच्याभोवती सात बायका, मांडीवरची सुपारी तशीच. ती सांगत होती, की म्हातारा तरीवाला होडीत बसलाय, पलीकडून बाई हाक मारतेय, आणि तिसऱ्या हाकेनंतर तो तिला विचारतो, कुणाकडची? आजवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळे पळायचे नाहीतर मशाली घेऊन यायचे. ती रडायची थांबते. विचार करते. आणि...

तेवढ्यात समुद्रावरून बोटीचा भोंगा झाला. लांब, जाड, दोनदा. बायको थांबली. सगळ्या जणींना ठाऊक होतं तो कसला भोंगा ते. खाला हळूच म्हणाली, "तुझी बोट ना गो?"

"होय."

"मग?"

बायकोने माझ्या बाजूच्या झावळ्यांकडे बघितलं. मी तिथे आहे हे तिला कसं कळलं, मला माहीत नाही. माझी सावली आत पडली असेल. "मग काय, खाला," ती म्हणाली. "ह्यांना एकट्याला कसं ठेवून जाऊ? तुम्ही ऐकलंत ना त्या दिवशी. अंधारात कुणी हाक मारली तर पहिल्याच हाकेला ओ देतील, आणि वर त्याचा अर्थही सांगतील."

अंगण हसलं. बाहेरचे तीन नवरेही हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? पण माझे डोळे भरून आले होते, आणि ते दर्ज्याने पाहिलं, आणि आठवडाभर सगळ्या बाजारात सांगितलं, की सिनेमात नाही रडला, तो इथे येऊन रडला.

"बाहेर कोण उभाय?" खाला ओरडली. "गाडी आणलीय का? बरं झालं. माझी तांदळाची गोणी किनाऱ्यावर पडलीय सकाळपासून. घेऊन ये जा. आणि गप्प जा, इथे गोष्ट चाललीय."

बलुचीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "यल्ला." आणि आम्ही दोघांनी गाडी वळवली.